रिकाम्या घरांतले कप

आयर्लंडला जाऊन आलेल्या माणसाने हिरवी कुरणं, मेंढ्या आणि समुद्रावरचे कडे यांबद्दल बोलावं, अशी लोकांची अपेक्षा असते. परतल्यावर आमच्या सोसायटीच्या बाकावर मला तेच विचारलं गेलं आणि मीही फोनवर कडे दाखवून सुटका करून घेतली. जे खरं सांगण्यासारखं होतं ते बाकावर सांगता येईना. कारण त्यात मी एका भल्या कुटुंबाच्या घरात मृत्यू नेऊन ठेवला होता. तोही प्लास्टिकच्या पिशवीतून, आणि वर ‘पाण्यात ठेवा, टिकतील’ असं सांगून.

आधी हे सांगतो की मी पुण्याचा, वीज मंडळातून निवृत्त झालेला इंजिनिअर. भूत दिसलं म्हणणाऱ्याला मी आयुष्यभर एकच उत्तर दिलं : भूत नसतं, अर्थिंग नीट नसतं. माझी मुलगी केतकी डब्लिनला डॉक्टर आहे, ब्युमॉन्ट हॉस्पिटलात. उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी तिने कामावरून फोन करून सांगितलं, “बाबा, कप प्रेसमध्ये आहेत.” मी चहा न पिता अख्खी सकाळ इस्त्रीभोवती घालवली. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. तर इतक्या तयारीनिशी मी त्या देशात वावरत होतो.

केतकीबरोबर काम करणाऱ्या एका नर्सची आई, नुआला, पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. तिथल्या पोस्टात नुआलाने जन्म घालवला, त्यामुळे गावातल्या कुणाला कुणाचं पत्र येत नाही हेसुद्धा तिला माहीत. या गावाने मिळून एक सीरियन कुटुंब आणलं होतं. तशी सोय तिथे आहे : सगळं सरकारवर न सोडता गावकऱ्यांनी एका निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घ्यायची. घर शोधायचं, वर्गणी काढायची, भाषा शिकवायची, डॉक्टरकडे न्यायचं, कामासाठी चार ठिकाणी शब्द टाकायचा. आपल्याकडच्या गणपती मंडळासारखंच, फक्त इथे वाजत-गाजत आणलेल्याला परत पोचवायचं नसतं.

सगळं झालं होतं. घर मिळालं, मुलाला काम मिळालं, सून शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. पण म्हातारी आई जेवत नव्हती. चार घास, तेही सक्तीने. घराबाहेर तर ती आल्यापासून पडलीच नव्हती. गावच्या डॉक्टरला काही सापडलं नव्हतं. केतकी पूर्वी एकदा तिकडे गेली असताना म्हातारीने तिचा हात धरून ठेवला होता, म्हणून नुआलाने पुन्हा बोलावलं. फोनवर म्हणाली, “ती आमच्या डोळ्यांदेखत निघून चाललीय, डॉक्टर. खुर्चीतल्या खुर्चीत.”

“मीही येतो,” मी म्हणालो. “मला उर्दू गझला पाठ आहेत. लिपी एकच, तेव्हा अरबीत निभावेल.”

“बाबा, प्लीज,” केतकी म्हणाली. गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा म्हणाली.

शुक्रवार

शॅनन नदी ओलांडली की रस्त्याकडेची कुंपणं पांढरी होतात. काटेरी झुडपं, पण मे महिन्यात ती फुलांनी अशी भरतात की पानं दिसत नाहीत. त्यामागे काळपट दलदलीची जमीन, तीवर गुडघाभर धुकं. माणूस नाही. गाई होत्या, त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. मी त्या दिशेला पाहिलं, काहीच नव्हतं.

वसाहत गावाबाहेर होती. भरभराटीच्या काळात एका कंत्राटदाराने दुमजली घरांच्या रांगा उठवल्या, मग तो बुडाला आणि काम थांबलं. देशातल्या अशा बहुतेक वसाहती पुढे पुऱ्या झाल्या म्हणे, ही कोर्टकज्ज्यात अडकून राहिली. घरांना काचा होत्या, पडदे नव्हते. दारांना फळ्या ठोकलेल्या. फुटपाथ सुरेख आखलेले आणि त्यांवर गवत. संध्याकाळ झाली तरी लख्ख उजेड होता, आणि त्या उजेडात रस्त्याचे दिवे आपोआप लागले. घरात माणूस नाही, दारात गाडी नाही, आणि दिव्यांची ओळ मात्र अगदी दलदलीच्या काठापर्यंत. मी वीज मंडळाचा माणूस. “बिल कोण भरतं?” मी विचारलं.

नुआला फाटकाशी उभी होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात नवऱ्याचं असावं असं जाकीट. “ते आम्ही विचारत नाही,” ती म्हणाली. “विचारलं तर बंद करतील.”

रस्ता मध्येच कारण नसताना वळसा घेत होता. वळशाच्या पोटात एकच झाड, तेच पांढऱ्या फुलांचं, वाकलेलं, जुनं.

“कंत्राटदाराने यंत्र लावलं होतं त्याला,” नुआला म्हणाली. “एक फांदी तोडली. त्याच वर्षी बुडाला.”

“त्या वर्षी देशातले सगळेच कंत्राटदार बुडाले,” केतकी म्हणाली.

“हो. पण याने फांदी तोडली होती.”

एवढं ऐकूनही मी पुढे जे केलं ते केलं. म्हणजे माझी बुद्धी किती चालते याचा अंदाज यावा.

रांगेतल्या पहिल्या घरात निझारचं कुटुंब. शेजारचं घर गावच्या या मदत मंडळाने पाहुण्यांसाठी नीट करून ठेवलं होतं, तिथे आमचं सामान पडलं. बाकी सगळी रिकामी. निझार चाळिशीचा, सीरियातल्या होम्स शहराकडच्या एका गावात शिंपी होता, आता इथे सोफ्यांची कव्हरं शिवतो. बायको रिमा हसरी, पण हसताना आधी सासूकडे बघून घेणारी. आणि उम्म निझार, म्हणजे निझारची आई. आपल्याकडे पूर्वी ‘बंडूची आई’ म्हणत तीच पद्धत, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. अंगात कोट. घरात ऊब होती तरी कोट. नजर रस्त्यावर. स्टँडवर बसलेला माणूस गाडी लागण्याच्या दिशेला बघतो तशी.

रिमाने मसूर घालून भात केला होता, वर कुरकुरीत तळलेला कांदा. मी पुन्हा पुन्हा घेतला. म्हातारीचं ताट दुसऱ्या ताटाखाली झाकून ठेवलेलं. निझारने उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या ओठाशी नेला. तिने मान फिरवली आणि काहीतरी बोलली. बरंच बोलली, रस्त्याकडे बोट दाखवून.

“भूक नाही म्हणते,” निझार म्हणाला.

एवढ्या लांब वाक्याचं एवढंसं भाषांतर! जितकी वीज आत गेली तितकी बाहेर आली नाही, तर मधे कुठेतरी गळती असते. हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. पण पाहुण्याने मीटर तपासू नये.

मग मी गझल म्हटली. कुणालाही काहीही कळलं नाही. रिमाने टाळ्या वाजवल्या, त्या दयेच्या होत्या. मी हार न मानता वस्तूंवर बोट ठेवून मराठीत नावं घ्यायला लागलो. “खुर्ची,” मी म्हणालो. उम्म निझारची मान वळली. “कुर्सी,” ती म्हणाली. मी नळाशी जाऊन साबण उचलला. “साबण.” “साबून,” ती म्हणाली आणि माझ्याकडे नीट पाहू लागली. एवढ्या लांबून दोघांच्या घरी एकाच नावाच्या वस्तू निघाव्यात, याचं तिला माझ्याइतकंच नवल वाटलं असावं. मग तिने स्वतःहून दाराकडे बोट केलं. मी म्हणालो, “कुलूप.” “कुफ्ल?” ती म्हणाली, पण हसली नाही. उठून तिने दाराला कुलूप नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा बसली.

कॉफी आली, ती जॅमच्या बाटल्यांतून. रिमा कानकोंडी झाली. “कप राहत नाहीत आमच्याकडे. गावाने दिले, पुन्हा दिले. एकेक करून जातात.”

“जातात म्हणजे?”

नुआला हसली, पण नजर खिडकीतून झाडाकडे गेली. “काही काही घरांतून जातात वस्तू,” ती म्हणाली. “ग्रँड आहे. पुन्हा आणू.” तिथे पूर येवो की लग्न मोडो, सगळं ग्रँडच असतं.

बाहेर आल्यावर केतकी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, तिचं हार्ट ठीक आहे, रिपोर्ट्स ठीक आहेत. ती कशाची तरी वाट बघतेय. आणि तोपर्यंत जेवायचं नाही असं ठरवल्यासारखं. असंच चाललं तर ती हिवाळा काढणार नाही.”

शनिवार

मे महिन्यात तिथे उजाडतं फार लवकर, आणि माझी पहाटे फिरायला जायची सवय समुद्र ओलांडूनही सुटली नाही. ही सवय वाटते तितकी निरोगी नाही. पुण्यात आम्ही काही ज्येष्ठ नागरिक पहाटे फिरतो ते हातात पिशवी आणि आकड्याची छत्री घेऊन. कुणाची जास्वंद कुंपणाबाहेर आलीय, कुणाच्या तगरीखाली कुत्रं बांधलेलं नसतं, हे आम्हाला पाठ. देवासाठी तोडलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असा आमचा आम्हीच केलेला कायदा आहे. आज दुपारी निझारकडे जेवण होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं?

धुकं कमरेपर्यंत होतं. घरांचे वरचे मजले तेवढे दिसत होते, जणू वसाहत पाण्यात उभी होती. माझ्या बुटांचा आवाज समोरच्या भिंतींवरून परत येत होता, आणि मी थांबलो की किंचित उशिरा थांबत होता. मी स्वतःला सांगितलं, प्रतिध्वनी.

मग पाहिलं तर एका रिकाम्या घराचा उंबरठा झाडलेला. नुसता झाडलेला नव्हे, धुतलेला. पाणी अजून वाळलं नव्हतं. शेजारच्या घराचाही. त्याच्या पुढच्याचाही. गवत उपटून कडेला जुडी करून ठेवलेलं. दाराच्या फळ्या होत्या तशाच, पण एक फळी किंचित सरकवलेली, आणि त्या फटीतून वास आला. वेलदोडा घातलेल्या ताज्या कॉफीचा. वर्षानुवर्षं जिथे कुणी राहिलेलं नाही त्या घरातून.

मी खिडकीकडे पाहिलं. काचेमागून काहीतरी गडद, उंचीने माणसाएवढं, सावकाश सरकून गेलं.

मी भुतं मानत नाही, पण मारुतीचं नाव घ्यायला काही पैसे पडत नाहीत. ते घेत घेत मी पळालो नाही, भराभर चाललो, आणि थांबलो ते झाडाशी.

झाडाला चिंध्या बांधलेल्या होत्या. रेनकोटाची पट्टी, लहान मुलाचा मोजा, जपमाळ, कुणाची बुटाची नाडी. माझा जीव भांड्यात पडला. हे तर नवसाचं झाड! आपल्याकडे अशा झाडाची फुलं उचलून लोक देव्हाऱ्यात ठेवतात. मी छत्रीचा आकडा अडकवला आणि पिशवी भरली. काटे असे लागले की बोटं रक्ताळली. इतका वेळ दूर कुठेतरी कोकिळेच्या जातीचा एक पक्षी ओरडत होता, तो गप्प झाला. वारा नव्हता, तरी चिंध्या हलत होत्या. फांदी ओढल्याने हलत असणार, मी म्हणालो. त्या मी ओढलेल्या बाजूच्या नव्हत्या.

दुपारी निझारच्या टेबलावर मी ती फुलं पाण्याच्या भांड्यात मांडली. खोली उजळली. “पाण्यात ठेवा, टिकतील,” मी म्हणालो. रिमा म्हणाली, “शुक्रन, अम्मो.” अम्मो म्हणजे काका. मी फुशारलो.

मग नुआला आली, हातात सोडा ब्रेडचा पाव घेऊन, आणि दारातच थांबली. पाय उचललेला तसाच खाली ठेवला.

“ते आत कुणी आणलं?”

तिच्या चेहऱ्याचा रंग बघून मी केतकीकडे बोट दाखवणार होतो, पण बोटावर रक्त होतं.

“या झाडाचं फूल कुणी घरात आणत नाही,” नुआला म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. “कधीच कुणी आणत नाही. त्याने घरात मरण येतं.”

“तो नुसता एक समज...” मी सुरुवात केली आणि तेवढ्यात मलाही तो वास आला. झाडावर असताना ती फुलं बदामासारखी गोडसर वाटत होती. पण उबदार, बंद खोलीत त्या गोडव्याच्या खालून दुसरंच काही वर यायला लागलं. गोड आणि कुजकं. केतकीने नाक आवळलं आणि माझ्याकडे पाहिलं. शवागारात काम केलेल्या माणसाला ते कळतं.

निझार उभा राहिला, खुर्ची मागे पडली. तो पांढराफटक होऊन आईकडे बघत होता.

उम्म निझार खिडकीशी नव्हती. ती टेबलाशी येऊन उभी होती. तिने फुलांच्या भांड्यावर वाकून श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग मुलाला एकच प्रश्न विचारला, अगदी छोटा. निझार पडलेली खुर्ची उचलू लागला. तिने काट्यांसकट सगळ्या फांद्या छातीशी कवटाळल्या आणि दार उघडून, कधी बाहेर न पडणारी ती बाई, पायमोज्यांवर रस्त्यावर चालू लागली.

आम्ही मागे गेलो. थांबवायची हिंमत कुणाची नव्हती. तिने पहिल्या रिकाम्या घराची फळी, रोजची सवय असल्यासारखी, बाजूला सारली. आत जमीन लख्ख झाडलेली. खिडकीच्या कट्ट्यावर एक कप. रिमाचा हरवलेला, निळ्या काठाचा, तळाशी कॉफीचा गाळ. म्हातारीने एक डहाळी मोडून कपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “उम्म खालिद.”

पुढचं घर. पुन्हा झाडलेली जमीन, पुन्हा कप. “अबू फारेस.” त्यापुढचं. “उस्ताद मुनीर.” ती घरं चुकत नव्हती, थांबत नव्हती. प्रत्येक नावानंतर किंचित वाट बघायची, आतून ‘ओ’ येते का याची. आणि खोटं कशाला सांगू, मीही बघत होतो.

निझार रस्त्यात उभा होता. “ही आमची गल्ली आहे,” तो केतकीला म्हणाला. “त्याच क्रमाने. उम्म खालिद आमच्या समोर. तिच्या बाजूला अबू फारेसचं दुकान. सगळं तसंच.”

मग त्याने सगळं सांगितलं. गल्लीवर बॉम्ब पडले तेव्हा हे कुटुंब शेजारच्या गावी लग्नाला गेलेलं. परत आले ते ढिगाऱ्याशी. उन्हाळा होता. काही दिवस कुणाला तिथे पोचता आलं नव्हतं. “हाच वास होता,” तो म्हणाला. “आई मागे हटायला तयार नव्हती. तिला तिथून ओढायला मी म्हणालो, ते आधीच निघून गेलेत. सगळे जिवंत आहेत. आपण पुढे जाऊ, ते मागून येतील. लेबनॉनमध्ये होतो तेव्हाही हेच म्हणालो. इथे आल्यावर तिने एवढी रिकामी घरं पाहिली, आणि मला म्हणाली, बघ, त्यांच्यासाठी ठेवलीत.”

“काल ती काय बोलत होती?” केतकीने विचारलं.

“की पाहुणे यायच्या आधी यजमानीण जेवायला बसत नाही.”

म्हणजे ती पहाटे सगळे झोपलेले असताना घरं झाडत होती, उंबरठे धूत होती, कॉफी ठेवत होती. अख्खी गल्ली येणार म्हणून. मी खिडकीत पाहिलेलं ते हेच. आणि आज माझ्या पिशवीने तिला सांगितलं होतं की कुणी येणार नाही. नुआलाचा समज अगदी खरा ठरला : मी घरात मरण नेलं. एक नव्हे, एका गल्लीचं.

शेवटच्या घरात उम्म निझार जमिनीवर बसली. आवाज न करता पुढे-मागे डुलत राहिली. केतकी तिच्या शेजारी बसली. निझार दाराबाहेर. “मी तिला मारलं,” तो म्हणाला. मी म्हणालो, “नाही, मी मारलं.” आम्ही बापलेकाच्या वयाचे दोन पुरुष उंबरठ्यावर हाच वाद घालत उभे होतो, कसल्याच कामाचा नसलेला वाद.

नुआला इतका वेळ रस्त्याच्या पलीकडेच होती. ती फुलं असलेल्या छताखाली ती येणार नव्हती. तिने छातीवर क्रूस काढला, आणि आली. आमच्या दोघांच्या मधून आत गेली, बुटांसकट, आणि गुडघ्यावर बसून निझारला विचारायला लावलं, “त्यांच्यापैकी कुणाचं नीट काही झालं होतं का? कुणी बसलं होतं का त्यांच्यासाठी?”

निझारने नकारार्थी मान हलवली. कुणी उरलंच नव्हतं बसायला.

“राइट,” नुआला उठत म्हणाली. “मग आपण बसू.”

तिकडे माणूस गेला की ‘वेक’ करतात. प्रेताभोवती सगळं गाव जमतं, खिडकी उघडतात म्हणजे जीव बाहेर पडेल, चहा आणि सँडविच फिरतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणतात. निझारकडे तीन दिवस कडू कॉफी देतात आणि लोक येऊन बसतात. तीन देश, आणि तिघांनाही एवढंच सुचलेलं : त्या घराला एकटं सोडायचं नाही. हे सगळं गाव मंडळाच्या सभांमध्ये कसं विसरलं होतं, ते नुआलाच म्हणाली : “आम्ही केटल दिली, कोट दिले, बसचा पास दिला. तुमचं कोण गेलं, हे कुणी विचारलं नाही. वाटलं, तिला त्रास होईल.”

तिने किती फोन केले ठाऊक नाही. चर्चच्या हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या ट्रॅक्टरमागून आल्या. चहाचं मोठं पिंप आलं. तिन्हीसांजेच्या त्या न संपणाऱ्या उजेडात खुर्च्या रस्त्यावर मांडल्या, रिकाम्या घरांकडे तोंड करून. पुरुषांनी दारांच्या फळ्या काढल्या, बायकांनी खिडक्या उघडल्या. मंडळाच्या बाहेरचीही माणसं आली. निर्वासित नकोत म्हणून सभेत भांडलेला एक गुराखी म्हातारा आला, असं नुआलाने माझ्या कानात सांगितलं. तो टोपी काढून रांगेत उभा राहिला.

उम्म निझारला मधोमध बसवलं होतं. एकेक जण येई, तिचा हात हातात घेई आणि म्हणे, “तुमच्यावर आलेल्या दुःखाबद्दल वाईट वाटतं.” तिकडे ठरलेलं वाक्य आहे ते, त्यापलीकडे काही बोलायचं नसतं. निझारने घराघरासमोर उभं राहून प्रार्थना म्हटली. तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. उघड्या दारांतून आतला काळोख दिसत होता, आणि एका क्षणी मला स्वच्छ वाटलं की बघणारे फक्त रस्त्यावर नाहीत.

मग त्या गुराख्याने विचारलं, “ही पहिल्या घरातली बाई, कशी होती?”

निझारने विचारलं. म्हातारीने त्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग बोलायला लागली. “उम्म खालिद चोर होती,” निझारने भाषांतर केलं, या वेळी अख्खं. “रोज पहाटे आमच्या भिंतीवरची जाई चोरायची. पदरात भरून. आणि वर विचारायची, यंदा तुमच्या जाईला फुलं कमी का?”

लोक हसले. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांवरच्या ओरखड्यांकडे पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटली. “म्हणते,” निझार म्हणाला, “तुम्ही त्याच घराण्यातले दिसता.”

मीही माझ्या परीने काही करायचं म्हणून पिठलं केलं होतं. केतकीच्या गाडीत डब्लिनहून आणलेलं बेसन होतं. मिक्सरशिवाय, परक्या चुलीवर, शंभर माणसांच्या घाईत. त्यात गुठळ्या झाल्या, हे मी आधीच कबूल करतो. निझारने बशीत चमचाभर घेऊन आईपुढे धरलं. तिने ते तोंडात घातलं. केतकीने माझं मनगट घट्ट धरलं. म्हातारीने गिळलं, थोडं थांबली, आणि तोंड वाकडं करून मुलाशी बोलली. निझार एकदम हसायला लागला, आणि हसता हसता रडायला.

“काय म्हणते?”

“मीठ नाही. आणि हे ढवळलं कुणी?”

आल्यापासून तिने अन्नाला नाव ठेवलं नव्हतं, असं रिमा नंतर म्हणाली. म्हातारी उठली, माझ्या हातातला डाव काढून घेतला, आणि कोट अंगातून काढून मला धरायला दिला.

रविवार

निघण्यापूर्वी नुआलाने मला झाडाकडे नेलं. “माफी माग,” ती म्हणाली. “कुठल्याही भाषेत. त्याला चालतं.” मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मराठीत मागितली. रुमाल फाडून एक चिंधीही बांधली. वीज मंडळातल्या कुणी हे वाचत असेल तर त्याने कृपया विसरून जावं.

उम्म निझारने सगळे कप गोळा करून, घासून, रिमाच्या कपाटात, म्हणजे प्रेसमध्ये, लावले होते. उम्म खालिदचा तेवढा राहू दिला. तिला जेवताना पाहून आम्ही निघालो. पाव आणि दोन अंडी, शिवाय ब्रेड सुका असल्याची तक्रार.

जाता जाता मी उम्म खालिदच्या त्या घरात शिरलो. काल सगळे गेल्यावर म्हातारीने माझ्यादेखत त्या कपात कॉफी ओतली होती, काठोकाठ, शेजारची डहाळी नीट लावली होती आणि जमीन पुसत उलट्या पावली बाहेर आली होती. आता कप रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, पालथा घातलेला, पिऊन झाल्यावर घालतात तसा. जमिनीवर माझ्याखेरीज कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता.

“मांजर असेल बाबा, चला,” गाडीतून केतकी म्हणाली.

असेल. तिकडची मांजरं कॉफी पीत असतील. पण डहाळीही नव्हती. आणि फुलं उचलून न्यायची खोड त्या वसाहतीत माझ्या एकट्याचीच आहे, असं मी आदल्या संध्याकाळपर्यंत समजत होतो.